जड गाडीला कोणता कॅम? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या महिन्याच्या टपालात निम्म्याहून जास्त पत्रं कॅमशाफ्टचीच (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा-मिटवणारा दांडा, म्हणजेच कॅम) निघाली, आणि बहुतेक सगळी मोठ्या टूरिंग गाड्यांची. म्हणून हे अख्खं सदर त्यालाच देतोय, चेन आणि टायरवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत थांबावं.

प्रश्न: नमस्कार दादा, माझ्याकडे 2018 ची हार्ले रोड किंग आहे, 107 घन इंचाचं मिलवॉकी-एट इंजिन, 24 हजार किमी झालेत. स्लिप-ऑन सायलेन्सर, मोकळा एअर फिल्टर आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ट्यून आधीच केलंय. आता कॅम बदलायचाय. ग्रुपमधला मित्र म्हणतो टाकायचाच तर 0.550 इंच लिफ्टचा टाक, छोटा टाकून पैसे वाया घालवू नकोस. मी रविवारी सापुतारा नाहीतर भंडारदरा करतो आणि वर्षातून दोनदा मिसेसला घेऊन इंदूर, उदयपूर असा लांबचा टूर. कोणता घेऊ?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर: दादा, तो लिफ्टचा आकडा जरा बाजूला ठेवा. पुढच्या टूरला डिस्प्लेवर आरपीएम लावून ठेवा आणि दिवसभर तो कुठे असतो ते बघा. काय दिसेल ते मी आत्ताच सांगतो. सहाव्या गिअरला 100 च्या स्पीडला 2300-2400, चांदवडच्या राहूड घाटात ट्रकच्या मागे चौथ्या-पाचव्यात 2500 ते 3000, ओव्हरटेक मारताना क्षणभर 4000, आणि 5000 तर पूर्ण टूरमध्ये दोन-चार वेळा, तेही मुद्दाम पिळली तर. तुमची गाडी 370 किलोच्या आसपास, तुम्ही दोघं आणि भरलेल्या बॅगा धरल्या तर साडेपाचशे किलोच्या जवळ वजन हलवायचंय. हे वजन हलतं ते 2000 ते 4000 मधल्या टॉर्कवर, त्यामुळे कॅमसाठी जे पैसे जातील ते याच पट्ट्यात दिसायला हवेत.

आता कॅममध्ये बघायचं काय. लिफ्ट म्हणजे व्हॉल्व्ह किती उघडतो, ड्युरेशन म्हणजे क्रँकच्या किती अंशांपर्यंत उघडा राहतो, ओव्हरलॅप म्हणजे इनटेक (हवा आत घेणारा) आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारा) दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी किती वेळ उघडे असतात. जाहिरातीत लिफ्ट मोठ्या अक्षरात असते कारण तो आकडा सांगायला सोपा. पण जड गाडीसाठी मी सगळ्यात आधी बघतो तो इनटेक व्हॉल्व्ह बंद कधी होतो तो अंश, आणि तो कॅम कार्डावर, म्हणजे कॅमसोबतच्या मापांच्या कागदावर, बारीक अक्षरात कुठेतरी कोपऱ्यात असतो.

कारण असं, पिस्टन सगळ्यात खाली जाऊन वर यायला लागला तरी इनटेक व्हॉल्व्ह लगेच बंद होत नाही. वरच्या आरपीएमला याचा फायदा होतो, आत येणाऱ्या हवेला वेग असतो, ती पिस्टन वर येत असतानाही आत घुसत राहते. पण 2200 ला हवेला तेवढा जोर नसतो, मग पिस्टन तीच हवा परत इनटेककडे ढकलतो आणि तुम्ही भरलेला सिलिंडर अर्धवट रिकामा होतो. तुमच्या 107 चा स्ट्रोक 111.1 मिमी. व्हॉल्व्ह पिस्टनच्या खालच्या टोकानंतर 30 अंशांना बंद झाला तर पिस्टन तोपर्यंत साधारण साडेपाच मिमी वर आलेला असतो, 45 अंशांना झाला तर 12 मिमीच्या वर. म्हणजे कागदावर 10 ला 1 असलेलं तुमचं कॉम्प्रेशन पहिल्या कॅमला प्रत्यक्षात साडेनऊच्या आसपास पडतं आणि दुसऱ्याला 9. इंजिन तेच, पिस्टन तेच, फक्त कॅमच्या लोबच्या (उंचवट्याच्या) आकारात फरक, आणि खालची ओढ गेली. एक्सलरेटर दिला की गाडी आधी विचार करते मग निघते असं लोक म्हणतात ना, ते बहुतेक वेळा हेच असतं.

हे अंश तुलना करताना एक जपा. हार्लेच्या दुनियेत ते बहुतेक 0.053 इंच लिफ्टला मोजलेले असतात, म्हणजे कॅमवर चालणारा लिफ्टर खाली येताना 1.35 मिमी उरला की तो अंश. काही कंपन्या 0.050 ला देतात, काही अगदी सीटवर बसेपर्यंतचे मोठे आकडे देतात. दोन कार्डं वेगवेगळ्या मापाची असतील तर शेजारी ठेवून काही कळत नाही, उलट फसायला होतं.

मी स्वतः यात चुकलोय आणि ते सांगायलाच हवं. काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्या गृहस्थांच्या 103 ट्विन कॅमला (हार्लेचं आधीच्या पिढीचं इंजिन) मी उशिरा बंद होणारा मोठा कॅम टाकला, कॉम्प्रेशन तसंच ठेवून. डायनोवर (पॉवर मोजायच्या यंत्रावर) टॉप पॉवर छान वाढली, ग्राफ बघून ते खुश, मी त्यांच्याहून खुश. दोन आठवड्यांनी ते बायकोला मागे घेऊन सप्तशृंगी गडावर गेले आणि नांदुरीच्या घाटात प्रत्येक वळणावर त्यांना पहिला गिअर टाकावा लागला, आधी जिथे दुसऱ्यात गाडी आरामात उचलायची तिथे. उतरल्यावर फोन आला तेव्हा ते रागावले नव्हते, नुसते म्हणाले की गाडी माझी राहिली नाही. मी स्वखर्चाने कॅम काढून लवकर बंद होणारा छोटा टाकला. टॉप पॉवर कमी झाली आणि ते आजही त्याच सेटअपवर फिरतात.

त्या डायनोच्या आकड्याचं गणितही समजून घ्या म्हणजे मित्राला सांगता येईल. किलोवॅट म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम भागिले 9549, त्याला 1.36 ने गुणलं की पीएस. समजा मोठ्या कॅमने 5200 ला टॉर्क 120 चा 132 न्यूटनमीटर झाला, तर पॉवर साधारण 89 ची 98 पीएस होते, नऊ पीएस वाढले म्हणून टाळ्या. पण त्याच कॅमने 2500 ला 140 चा 130 झाला असेल तर तिथे 50 चे 46 पीएस झाले, आणि तुम्ही दिवसभर तिथेच असता! म्हणून ट्यूनरला सांगा की ग्राफ 2000 पासून हवा. बरेच रन 3000 पासून सुरू करतात आणि नेमका आपल्या कामाचा तुकडा कागदावर येतच नाही.

तर तुमच्यासाठी माझं मत असं. हेड आणि पिस्टन स्टॉक ठेवणार असाल तर इनटेक 0.053 ला 30 ते 38 अंशांच्या मध्ये बंद होणारा, ओव्हरलॅप कमी असलेला, आणि स्टॉक व्हॉल्व्ह स्प्रिंगवर चालतो असं बनवणाऱ्याने लेखी दिलेला कॅम घ्या. 0.550 लिफ्टला स्प्रिंग बदलाव्या लागू शकतात, रिटेनर आणि गाइड सीलमधलं अंतर तपासावं लागतं, म्हणजे हेड उघडणं आलं, आणि एवढं करून तुमच्या वापरात तो उलटा पडायचीच शक्यता जास्त. मित्राची गाडी हलकी असेल, एकटा चालवत असेल, त्याला वरचा आरपीएम आवडत असेल तर त्याच्यासाठी तो बरोबरही असेल. ओव्हरलॅपबद्दल अजून एक, तुमचा ईसीयू मॅनिफोल्डमधल्या प्रेशरवरून हवेचा अंदाज घेतो, ओव्हरलॅप जास्त झाला की आयडलला ते प्रेशर नाचतं आणि मग द्वारका सर्कलच्या ट्रॅफिकमध्ये गाडी झटके देते. ट्यून करून ते बरंच कमी होतं, पण पूर्ण जात नाही. आणि कॅम बदलल्यावर आधीचा ट्यून चालणार नाही, नव्याने करावाच लागेल, तो खर्च आत्ताच धरून ठेवा.

प्रश्न: काका, माझी 103 ट्विन कॅमची स्ट्रीट ग्लाइड आहे. कॅम बदलतोच आहे तर कॅम फिरवणाऱ्या चेनऐवजी गिअर ड्राइव्ह टाकावा का? चेन ताणून धरणारे टेन्शनर झिजतात असं सगळीकडे ऐकतो. अजून काय बदलून घेऊ?
— वाचक, नाशिक रोड

उत्तर: टेन्शनरची भीती खरी आहे पण ती मुख्यतः 1999 ते 2006 च्या ट्विन कॅमची. त्यात स्प्रिंगने दाबलेला प्लास्टिकचा बूट चेनवर घासायचा, झिजला की तुकडे ऑइलमध्ये जायचे आणि ऑइल पंपाची वाट लागायची. 2007 पासून टूरिंग गाड्यांना हायड्रॉलिक टेन्शनर आणि रोलर चेन आली, ती खूप जास्त टिकते. तुमचं 103 त्यातलंच, तर चेन ठेवा.

गिअर ड्राइव्हला एक अट असते आणि तिथेच बहुतेकांचं गाडं अडतं. क्रँकच्या पिनियन शाफ्टचा रनआउट म्हणजे फिरताना होणारी डगमग फार कमी लागते, इंचाच्या 3 हजारांश भागापर्यंत. चेन ही डगमग पोटात घालते, गिअर घालत नाहीत, ते आवाज करतात आणि झिजतात. मोजल्याशिवाय गिअर ड्राइव्ह कधीच घेऊ नका. मोजायला डायल गेज लागतं, ते आपल्या अंबड-सातपूरच्या कुठल्याही टूलरूममध्ये मिळेल आणि लावायचं कसं हेही तिथल्या जुन्या फिटरला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं, आपल्या शहराची ही खरी श्रीमंती आहे, वापरा तिला. चेन ठेवणार असलात तरी कव्हर उघडलंय तर मोजूनच घ्या. रनआउट खूपच जास्त निघाला तर कॅमचा विचार सोडा, आधी क्रँकचा करा.

बदलायचं काय तर आतल्या बाजूचे कॅम बेअरिंग नक्की, स्टॉक बेअरिंग काढून पूर्ण नीडलवाले टाका, किंमत काही फार नसते आणि तुटलं तर अख्खं इंजिन उघडावं लागतं. लिफ्टर पण नवीन. 40-50 हजार किमी चाललेला लिफ्टर नव्या कॅमवर बसवायचा धीर मला होत नाही. टेन्शनरचे बूट बघा, खोल चर पडले असतील तर तेही. ऑइल पंपाची ओ-रिंग विसरू नका, ती नीट बसली नाही तर क्रँककेसमध्ये ऑइल साचतं आणि मग एअर फिल्टरमधून बाहेर येतं.

प्रश्न: दादा, माझ्या 114 इंजिनच्या टूररला मी बाहेरगावी टॉर्क कॅम बसवून घेतला. गाडी मस्त ओढते, पण मुंबईहून परत येताना कसारा घाट सुरू झाला की इंजिनातून खड्-खड् आवाज येतो, खास करून दुपारी आणि ट्रकच्या मागे अडकले की. इगतपुरीच्या पुढे आवाज नाही, त्र्यंबकला जाताना तर कधीच नाही. पेट्रोल खराब असेल का?
— एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर: ताई, तुम्ही फार बारकाईने ऐकलंय, अर्धं निदान तुम्हीच केलंत. हे नॉकिंग आहे, म्हणजे सिलिंडरमधलं इंधन आपोआप अवेळी पेटतंय, आणि ते थांबवणं गरजेचं आहे, त्याच्यावर तसंच चालवू नका, पिस्टन फुटू शकतो.

आवाज खालीच का येतो बघा. नाशिक समुद्रसपाटीपासून 600 मीटरच्या आसपास, इथे हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा साधारण 6-7 टक्के कमी. घाटाच्या पायथ्याला हवा दाट, सिलिंडर जास्त भरतो, कॉम्प्रेशन झाल्यावर आतलं प्रेशर जास्त. वर चढत गेलात की दाब कमी होतो आणि आवाज जातो. त्यात दुपारची उष्णता, ट्रकच्या मागे रेंगाळत गेल्यामुळे इंजिनावर वारा नाही, आणि उंच गिअरमध्ये कमी आरपीएमला पूर्ण एक्सलरेटर. या सगळ्याला टॉर्क कॅमची जोड. असा कॅम इनटेक लवकर बंद करतो म्हणून ओढ छान मिळते, पण त्याच कारणाने प्रेशर वाढतं. तुमच्या 114 ला मुळातच 10.5 चं कॉम्प्रेशन आहे, म्हणजे मोकळीक आधीच कमी.

काय कराल, तर आधी क्रँकिंग प्रेशर, म्हणजे नुसत्या स्टार्टरने फिरवताना सिलिंडरात होणारा दाब, मोजून घ्या. इंजिन गरम, दोन्ही सिलिंडरचे प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी फुल चार्ज. ऑटोमॅटिक कॉम्प्रेशन रिलीजचे (स्टार्ट करताना दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हचे) कनेक्टर काढायला सांगा, नाहीतर गेज खोटं कमी दाखवेल. 180 ते 190 पीएसआय आलं तर मी निश्चिंत राहीन. 200 च्या वर गेलं तर आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात तो सेटअप मला मान्य नाही, मग जरा उशिरा बंद होणारा कॅम हाच उपाय. 190 च्या आत असेल तर ट्यूनमध्येच दुरुस्त होईल, 2000 ते 3000 च्या जास्त लोडच्या भागात इग्निशन टायमिंग दोन-तीन अंश मागे घ्यायचं. नॉक सेन्सर असतो गाडीला आणि तो टायमिंग मागे घेतोही, पण रोज त्याच्या भरवशावर चालवायचं नसतं.

पेट्रोलचं म्हणाल तर अमेरिकन कॅम कार्डावर 91 ऑक्टेन लिहिलेलं असतं आणि आपल्याकडे लोक तो आकडा पंपावरच्या आकड्याशी जुळवतात, ही चूक आहे. त्यांचा आकडा दोन पद्धतींची सरासरी, आपला त्यातल्या एकाच पद्धतीचा, आरओएन. त्यांचा 91 म्हणजे आपला साधारण 95-96. घाटाच्या दिवशी 95 च्या वरचं भरा. आणि आता पेट्रोल 20 टक्के इथेनॉलचं आहे. इथेनॉल नॉकिंगला विरोधच करतं, पण त्याला हवेच्या प्रमाणात इंधन जास्त लागतं. क्रूझिंगला ऑक्सिजन सेन्सर ते सांभाळून घेतो, पूर्ण थ्रॉटलला नाही. बाहेरून आयता आणलेला मॅप टाकला असेल तर तिथे मिश्रण पातळ पडत असणार आणि नॉकिंग आणखी वाढत असणार. इथल्या पेट्रोलवर, इथल्या डायनोवर ट्यून करून घ्या. तोपर्यंत कसाऱ्याला एक गिअर खाली ठेवा, 3000 वर चढवा, इंजिनाला त्याचा त्रास होत नाही.

प्रश्न: सुपर मिटिऑर 650 ला कॅम घासून घेतला तर टूरिंगला फायदा होईल का? सातपूरला एक जण करून देतो म्हणतोय.
— वाचक, सिडको

उत्तर: नको. त्या इंजिनाचा 52 न्यूटनमीटर टॉर्क मुळातच छान पसरलेला आहे आणि 241 किलोची गाडी तो नीट ओढतो. कॅम घासला की बेस सर्कल लहान होतं, रॉकरचा कोन बदलतो, घासलेल्या पृष्ठभागाचं हार्डनिंग परत करावं लागतं, आणि ते नीट नाही झालं तर लोब काही हजार किमीत खाल्ला जातो. तेच पैसे मागच्या शॉकअप आणि सीटवर घाला, दिवसाला 500 किमी जास्त सुखाचे होतील.

प्रश्न: कॅम बदलला तर आरटीओ आणि इन्शुरन्सचा प्रश्न येतो का?
— वाचक, पंचवटी

उत्तर: मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे आरसीवरचे तपशील कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळे होतील असे बदल गाडीत करता येत नाहीत. कॅम बाहेरून दिसत नाही हे खरं, म्हणून तो नियमात बसतो असं नाही. इन्शुरन्स कंपनीला बदल लेखी कळवा, क्लेमच्या वेळी उघड झालं तर अडचण तुमची. वॉरंटीत असलेल्या गाडीला तर मी कॅम बसवतच नाही, आलेल्याला परत पाठवतो.

प्रश्न: ट्विन कॅमला कॅम, लिफ्टर आणि अ‍ॅडजस्टेबल पुशरॉड (लिफ्टरचा धक्का वर रॉकरला देणारे, लांबी बदलता येणारे दांडे) घरीच बसवले. गाडी चालते, पण पुढच्या सिलिंडरमधून टिकटिक येते, गरम झाल्यावरही जात नाही. मेकॅनिक म्हणतो परफॉर्मन्स कॅमला आवाज असतोच.
— वाचक, सिन्नर

उत्तर: असतो, पण दोन्ही सिलिंडरला सारखा असतो. परफॉर्मन्स कॅम व्हॉल्व्ह जोरात उघडतात-मिटतात, त्यामुळे शिलाई मशीनसारखा हलका आवाज चालतो. एकाच सिलिंडरमधून वेगळी टिकटिक म्हणजे माझा पहिला संशय पुशरॉडच्या अ‍ॅडजस्टमेंटवर.

इंजिन पूर्ण थंड करा, रात्रभर ठेवलेलं उत्तम. पुढचा सिलिंडर कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या टॉपला आणा, म्हणजे दोन्ही लिफ्टर कॅमच्या गोल भागावर येतील. इथेच बऱ्याच जणांची चूक होते, पिस्टन टॉपला असतो खरा, पण एक्झॉस्ट स्ट्रोकच्या, आणि तिथे ओव्हरलॅपमुळे दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असतात. मग सगळं मापच चुकतं. पुशरॉडची ढिलाई जाईपर्यंत लांब करा, वरखाली खेळ शून्य झाला की तिथून बनवणाऱ्याने सांगितलेले तेवढेच फेरे मोजून द्या. प्रत्येक कंपनीच्या पुशरॉडचे आटे बारीक-जाड वेगळे असतात, त्यामुळे मित्राने दिलेले अडीच फेरे तुमच्या पुशरॉडला चालतीलच असं नाही, डब्यातला कागद बघा.

मग थांबा. लिफ्टरमधलं ऑइल निघून तो खाली बसायला वेळ लागतो, दहा-वीस मिनिटं, कधी जास्तही. पुशरॉड दोन बोटांनी सहज फिरायला लागला की व्हॉल्व्ह सीटवर बसलाय समजायचं, त्याआधी क्रँक अजिबात फिरवायचा नाही, नाहीतर उघड्या व्हॉल्व्हला पिस्टन लागू शकतो. इनटेक-एक्झॉस्टचे दोन्ही पुशरॉड असे फिरले की मगच इंजिन पुढे फिरवून मागच्या सिलिंडरकडे जा. सगळं झाल्यावर प्लग काढून, ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थोडा-थोडा मारा, मग प्लग लावून चालू करा. पहिला अर्धा मिनिट खडखडाट होईल, लिफ्टर भरतायत तोपर्यंत. पाच मिनिटांनीही तीच टिकटिक त्याच जागी असेल तर तो लिफ्टर काढून मागच्या सिलिंडरच्या लिफ्टरशी अदलाबदल करा. आवाज मागे गेला तर लिफ्टर खराब. पुढेच राहिला तर रॉकर आर्मचं बुश बघा.